कोसोव्हो : दोन शेजारी आणि तिसऱ्याचा हात



बाल्कन द्वीपकल्पाच्या मध्यभागीं, डोंगरांनीं वेढलेल्या दोन खोऱ्यांत, कोसोव्हो नांवाचा एक लहानसा प्रदेश वसला आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १०,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित् अधिक. आणि लोकसंख्या १६ लाखांच्या आसपास. असें असूनहि गेल्या दीडशें वर्षांत या प्रदेशाचें भवितव्य तेथील गांवकऱ्यांनीं क्वचितच ठरविलें. तें ठरलें बर्लिनमध्यें, लंडनमध्यें, रोममध्यें, पॅरिसजवळच्या एका प्रासादांत आणि न्यूयॉर्क येथील सुरक्षा मंडळांत. सर्ब आणि अल्बेनियन या दोन लोकांमधील कलह कसा उत्पन्न झाला, आणि परक्या सत्तांनीं त्यांत हात घातल्यामुळें तो मिटला कीं अधिक चिघळला, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम या दोन लोकांचा त्या भूमीवरील हक्क कसल्या स्वरूपाचा आहे तें पाहूं. सर्बांचा हक्क मुख्यत्वें इतिहासाचा आहे. त्यांच्या मध्ययुगीन राज्याचें हृदय येथेंच होतें. पेच येथील धर्मपीठ, देचानी व ग्राचानित्सा येथील मठ हीं त्यांचीं पवित्र स्थानें आजहि उभीं आहेत. १३८९ सालीं कोसोव्हो पोल्ये, म्हणजे काळ्या पक्ष्यांच्या माळावर, सर्ब राजा लाझार आणि तुर्की सुलतान मुराद यांची लढाई झाली व तींत दोघेहि मारले गेले. लढाईचा निकाल काय लागला याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. पण सर्ब लोकगीतांनीं त्या दिवसाला राष्ट्रीय आत्मयज्ञाचें रूप दिलें आणि तें पिढ्यान् पिढ्या जतन केलें.

अल्बेनियनांचा हक्क मुख्यत्वें वस्तीचा आहे. आपण प्राचीन इलिरियन लोकांचे वंशज असून स्लाव्ह येण्यापूर्वीपासून या भूमींत राहत आहों, असें ते मानतात. तें कांहींहि असो, १९४८ च्या खानेसुमारींत कोसोव्होमध्यें त्यांचें प्रमाण शेंकडा ६८ आणि १९८१ मध्यें शेंकडा ७७ होतें. त्यांतील बहुसंख्य मुसलमान आहेत, पण हा केवळ धर्माचा झगडा आहे असें समजणें चुकीचें ठरेल. अल्बेनियनांत कॅथॉलिक आहेत, ऑर्थोडॉक्स आहेत. त्यांना एकत्र बांधणारा धागा भाषेचा आहे, आणि ती भाषा स्लाव्ह भाषांहून अगदीं निराळी आहे. कलकत्त्याच्या मदर टेरेसा या अशाच एका कॅथॉलिक अल्बेनियन कुटुंबांतल्या. १९१० सालीं स्कोप्ये येथें त्यांचा जन्म झाला तेव्हां तें शहर तुर्की साम्राज्याच्या ‘कोसोव्हो’ नामक प्रांताची राजधानी होतें. आज प्रिश्तिना शहराच्या मुख्य रस्त्याला त्यांचेंच नांव आहे.

एकाजवळ स्मृति आणि दुसऱ्याजवळ संख्या, अशी ही अवघड जोडी आहे. तथापि स्मृति आणि संख्या यांचा कलह तुर्की अंमलाखालीं पुष्कळसा दबलेला होता. तो राजकीय कलह बनला १८७८ सालीं. रशियानें तुर्कस्तानला हरवून सान स्तेफानोचा तह केला. तो इंग्लंड व ऑस्ट्रिया-हंगेरी यांना मानवेना. म्हणून बर्लिन येथें बड्या राष्ट्रांची परिषद भरली. सर्बिया व मॉंटेनेग्रो यांना पूर्ण स्वातंत्र्य मिळालें आणि नवा मुलूखहि मिळाला. नीशच्या आसपासच्या ज्या मुलखांतून सर्ब सैन्य पुढें गेलें तेथील हजारों मुसलमान अल्बेनियनांना घरेंदारें सोडावीं लागलीं. ते निर्वासित कोसोव्होंत येऊन वसले आणि त्यांच्याबरोबर सर्बांविषयींचा कडवटपणाहि आला. त्याच जून महिन्यांत अल्बेनियन पुढाऱ्यांनीं प्रिझ्रेन येथें एक संघ स्थापून आपला मुलूख कोणाला वांटूं देणार नाहीं असें घोषित केलें. बर्लिनच्या मुत्सद्द्यांनीं त्यांची दाद घेतली नाहीं. मॉंटेनेग्रोला दिलेला डोंगरी मुलूख त्या संघानें हत्यार उचलून अडवून धरला, तेव्हां त्याऐवजीं समुद्रकांठचें उल्सिन हें गांव देण्याचें ठरलें, आणि तें सोडण्यास भाग पाडण्यासाठीं १८८० मध्यें बड्या राष्ट्रांचीं लढाऊ जहाजें किनाऱ्यावर आलीं. १८८१ मध्यें तुर्की सैन्यानें तो संघच मोडून काढला.

दुसरा प्रसंग १९१२-१३ चा. बाल्कन राज्यांनीं एकत्र होऊन तुर्कांना युरोपांतून जवळजवळ हुसकून लावलें. सर्ब सैन्यानें कोसोव्हो घेतलें आणि डोंगर ओलांडून तें एड्रिॲटिक समुद्रापर्यंत पोंचलें. त्याच सुमारास, २८ नोव्हेंबर १९१२ रोजीं, इस्माइल केमाल यांनीं व्लोरा येथें अल्बेनियाचें स्वातंत्र्य जाहीर केलें. आतां या दोन दाव्यांचा निवाडा कोणी करावयाचा ? तो केला लंडनमध्यें सहा बड्या राष्ट्रांच्या वकिलांनीं. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे हे त्यांचे अध्यक्ष होते. सर्बियाला समुद्र मिळूं नये ही ऑस्ट्रिया-हंगेरीची आणि इटलीची इच्छा. सर्बियाचें बळ वाढावें ही रशियाची इच्छा. अल्बेनियनांची अथवा सर्ब शेतकऱ्यांची इच्छा काय आहे हा प्रश्न गौण ठरला. अखेर अल्बेनिया हें राष्ट्र निर्माण झालें. पण कोसोव्हो सर्बियाकडे गेलें, आणि अल्बेनियन भाषा बोलणाऱ्यांपैकीं जवळजवळ अर्धे लोक नव्या राष्ट्राच्या बाहेर राहिले. हा निवाडा न्यायाचा नव्हता, तराजूचा होता : व्हिएन्नाच्या पारड्यांत किनारा टाकला म्हणून पीटर्सबर्गच्या पारड्यांत कोसोव्हो टाकावें लागलें. त्या युद्धांत गांवें कशीं जाळलीं गेलीं आणि निःशस्त्र लोकांचा कसा संहार झाला, याची साक्ष कार्नेगी संस्थेनें पाठविलेल्या चौकशी-मंडळाच्या १९१४ च्या अहवालांत मिळते.

यापुढील तीस-बत्तीस वर्षांत एक विलक्षण क्रम दिसून येतो. बाहेरून एखादें सैन्य यावें, त्यानें पारडें फिरवावें, आणि काल दबलेल्यानें आज सूड उगवावा, असा हा क्रम आहे. १९१५ मध्यें ऑस्ट्रियन, जर्मन व बल्गेरियन सैन्यांनीं सर्बियाचा पाडाव केला. पराभूत सर्ब सैन्य आणि त्याच्याबरोबरचे निर्वासित भर हिंवाळ्यांत अल्बेनियाचे बर्फाच्छादित डोंगर ओलांडून समुद्राकडे निघाले. थंडी, उपासमार, रोगराई आणि वाटेंतील हल्ले यांत हजारों माणसें दगावलीं. १९१८ मध्यें सर्ब परतले. नव्या युगोस्लाव्ह राज्यानें कोसोव्होंत सर्ब व मॉंटेनेग्रिन वसाहतकऱ्यांना जमिनी दिल्या, आणि अल्बेनियन मुलांना मातृभाषेची शाळा मिळाली नाहीं. १९३८ मध्यें तर ४०,००० मुसलमान कुटुंबें तुर्कस्तानांत पाठविण्याचा करारहि तुर्कस्तानशीं ठरविण्यांत आला होता. महायुद्धामुळें तो अंमलांत आला नाहीं.

पुढें १९३९ मध्यें इटलीनें अल्बेनिया गिळंकृत केला, आणि १९४१ मध्यें हिटलर व मुसोलिनी यांनीं युगोस्लाव्हियाचे तुकडे केले. कोसोव्होचा बहुतेक भाग इटलीच्या ताब्यांतील अल्बेनियाला जोडण्यांत आला. पूर्वेची एक पट्टी बल्गेरियाला मिळाली. आणि उत्तरेकडील भाग जर्मनांनीं स्वतःजवळ ठेवला, कारण तेथें त्रेप्चा येथील शिशाच्या व जस्ताच्या खाणी होत्या. जेत्यांच्या दृष्टीनें अल्बेनियनांचें ऐक्य हें एक साधन होतें, साध्य नव्हे, हें या वांटणीवरून स्पष्ट होतें. तथापि कित्येक अल्बेनियनांना हें आपलें मुक्तीचें वर्ष वाटलें. अल्बेनियन शाळा उघडल्या, आणि सर्ब वसाहतकरी हजारोंच्या संख्येनें हाकलले गेले. पुष्कळ मारले गेले. १९४४ च्या शेवटीं पारडें पुनः फिरलें, आणि टिटोंच्या सैन्यानें अल्बेनियनांचें बंड मोडून १९४५ मध्यें तेथें लष्करी कायदा पुकारला.

टिटोंच्या राजवटींतहि परराष्ट्रीय राजकारणाची छाया दूर झाली नाहीं. १९४८ मध्यें टिटो आणि स्टालिन यांचें बिनसलें तेव्हां अल्बेनियाचे एन्व्हर होजा स्टालिनच्या बाजूला गेले. लगेच कोसोव्होंतील प्रत्येक अल्बेनियन शेतकरी सीमेपलीकडचा हेर ठरूं लागला. हा संशयाचा काळ १९६६ पर्यंत, म्हणजे पोलीसखात्याचे सूत्रधार रान्कोविच पदच्युत होईपर्यंत, टिकला. त्यानंतर मात्र परिस्थिति बदलली. १९७० मध्यें प्रिश्तिना येथें विद्यापीठ निघालें, आणि १९७४ च्या राज्यघटनेनें कोसोव्होला जवळजवळ घटकराज्याचे अधिकार दिले. केवळ घटकराज्याचें नांव तेवढें दिलें नाहीं. आतां तक्रार सर्बांची होऊं लागली. आपल्याच प्राचीन भूमींत आपण परके झालों, असें तेथील सर्ब म्हणूं लागले, आणि त्यांतील पुष्कळ जण प्रांत सोडून गेले. या तक्रारीवर स्वार होऊन स्लोबोदान मिलोशेविच सत्तेवर आले. १९८९ च्या मार्चमध्यें त्यांनीं कोसोव्होची स्वायत्तता संपुष्टांत आणली, आणि त्याच वर्षीं २८ जूनला, १३८९ च्या लढाईच्या सहाशेंव्या स्मृतिदिनीं, त्याच रणभूमीवर प्रचंड सभा भरविली.

अल्बेनियनांचा पहिला प्रतिकार आपल्या श्रोत्यांना ओळखीचा वाटावा असा होता. इब्राहीम रुगोव्हा या साहित्याच्या अभ्यासकाच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं सरकारशीं असहकार पुकारला. शाळांतून काढून टाकलेल्या शिक्षकांनीं खाजगी घरांत वर्ग भरविले, दवाखाने चालविले, आणि त्यासाठीं परदेशांत नोकरीस गेलेल्या बांधवांकडून वर्गणी येऊं लागली. रुगोव्हांना ‘बाल्कनचे गांधी’ असें म्हटलें जाई. पण १९९५ मध्यें अमेरिकेंत डेटन येथें बोस्नियाच्या युद्धाचा तह झाला तेव्हां कोसोव्होचा प्रश्न विचारांतच घेतला गेला नाहीं. ज्यांनीं शस्त्रें उचललीं त्यांना परिषद मिळाली. ज्यांनीं उचललीं नाहींत त्यांना कांहींच मिळालें नाहीं. हा धडा तरुणांनीं लगेच गिरविला. १९९६ पासून कोसोव्हो मुक्तिसेनेचे हल्ले ऐकूं येऊं लागले, आणि १९९७ मध्यें अल्बेनियांतील राज्ययंत्रणा कोसळून तेथील शस्त्रागारें लुटलीं गेलीं तेव्हां त्या सेनेला बंदुकांची वाण उरली नाहीं.

१९९८ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या खास प्रतिनिधीनें या सेनेला दहशतवादी म्हटलें. पुढच्याच महिन्यांत सर्ब पोलिसांनीं प्रेकाझ या खेड्यावर हल्ला करून पन्नासाहून अधिक माणसें मारलीं; त्यांत स्त्रिया व मुलेंहि होतीं. आणि जून महिन्यांत अमेरिकेचे मुत्सद्दी त्याच सेनेच्या लोकांशीं बोलणीं करूं लागले. १९९९ च्या जानेवारींत राचाक येथें सुमारें ४५ अल्बेनियन मृतावस्थेंत सांपडल्यावर पश्चिमी राष्ट्रांनीं पॅरिसनजीक रांबुये येथें परिषद बोलावली. तेथील मसुद्यांत, नाटोच्या सैन्याला साऱ्या युगोस्लाव्हियांतून मुक्तपणें संचार करूं द्यावा, असें एक कलम परिशिष्टांत होतें. अल्बेनियनांनीं सही केली, बेलग्रेडनें नाकारली. २४ मार्चपासून ७८ दिवस नाटोच्या विमानांनीं बॉम्बवर्षाव केला. त्या काळांत मिलोशेविचच्या सैन्यानें व पोलिसांनीं सुमारें साडेआठ लाख अल्बेनियनांना सीमेबाहेर हाकललें आणि हजारोंची कत्तल केली. दुसरीकडे बॉम्बवर्षावांत सुमारें ५०० निरपराध नागरिक मृत्युमुखीं पडले. बेलग्रेडमधील चिनी वकिलातहि बॉम्बखालीं सांपडली.

येथें मूळ तात्त्विक प्रश्न उभा राहतो. एखाद्या सरकारनें स्वतःच्याच प्रजेचा छळ मांडला तर बाहेरच्यांनीं स्वस्थ बसावें काय ? आणि बसूं नये असें म्हटलें, तर हस्तक्षेपाची आज्ञा कोणी द्यावी ? नाटोजवळ सुरक्षा मंडळाची परवानगी नव्हती. बॉम्बवर्षाव थांबवावा असा ठराव रशिया व बेलारूस यांच्याबरोबर भारतानेंहि २६ मार्च १९९९ रोजीं पुरस्कृत केला. मंडळानें तो १२ विरुद्ध ३ मतांनीं फेटाळला. १९९२-९३ मध्यें युगोस्लाव्हियांतील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापति असलेले आणि मूळचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी जनरल सतीश नंबियार यांनींहि या कारवाईवर जाहीर टीका केली. याउलट पक्षाचें म्हणणें असें कीं, बोस्नियांत स्रेब्रेनित्सा येथें जग पाहत राहिलें आणि हजारों माणसें मारलीं गेलीं. पुनः तसें होऊं देणें हा कायद्याचा मान राखणें नव्हे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. निर्वासित अल्बेनियन त्याच उन्हाळ्यांत घरीं परतले हें खरें. आणि ज्या नियमानें लहान राष्ट्रांचें मोठ्यांपासून रक्षण व्हावयाचें तो नियम मोठ्यांनींच मोडला हेंहि खरें. २०१४ मध्यें रशियानें क्रायमिया घेतला तेव्हां पुतीन यांनीं कोसोव्होचाच दाखला दिला, यावरून त्या मोडलेल्या नियमाची किंमत पुढें कोणाला द्यावी लागली तें दिसतें.

१० जून १९९९ च्या १२४४ क्रमांकाच्या ठरावानें कोसोव्हो संयुक्त राष्ट्रांच्या कारभाराखालीं आलें. नाटोचें सैन्य आंत शिरत असतांनाच रशियाची एक लहान तुकडी बोस्नियांतून धांवत येऊन प्रिश्तिनाच्या विमानतळावर जाऊन बसली, आणि कांहीं दिवस दोन अण्वस्त्रधारी पक्षांचे सैनिक एका धांवपट्टीवर समोरासमोर उभे राहिले. सुदैवानें ब्रिटिश सेनापति जॅक्सन यांनीं ती तुकडी अडविण्याचा वरिष्ठांचा हुकूम मानला नाहीं. पण जुना क्रम येथेंहि चुकला नाहीं. परक्या सैन्याच्या डोळ्यांदेखत सुमारें दोन लाख सर्ब, रोमा व इतर अल्पसंख्य लोकांना प्रांत सोडावा लागला. अनेकांचे खून व अपहरण झालें. २००४ च्या मार्चमधील दंगलींत १९ माणसें मेलीं आणि सुमारें ३० सर्ब मठ-मंदिरांची जाळपोळ वा नासधूस झाली. देचानीच्या मठावर आजतागायत परदेशी सैनिकांचा पहारा आहे.

१७ फेब्रुवारी २००८ रोजीं कोसोव्होनें स्वातंत्र्य जाहीर केलें. ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध नव्हती असें मत जागतिक न्यायालयानें २०१० मध्यें दिलें. मात्र कोसोव्हो हें राष्ट्र आहे कीं नाहीं या प्रश्नास त्यानें हात घातला नाहीं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी त्याला मानतात. रशिया, चीन व भारत मानीत नाहींत. युरोपीय संघांतील स्पेन, ग्रीस, रुमानिया, स्लोव्हाकिया व सायप्रस हे पांच देशहि मानीत नाहींत. त्यांतील कित्येकांच्या स्वतःच्या घरांत फुटीरपणाचा प्रश्न आहे, आणि तेथेंच या नकाराचें मर्म आहे. म्हणजे आजहि कोसोव्होकडे पाहतांना प्रत्येक जण आपलें स्वतःचें घर पाहत असतो.

युरोपीय संघाच्या मध्यस्थीनें २०१३ मध्यें ब्रुसेल्सला करार झाला. त्यांत सर्ब नगरपालिकांचा एक संघ स्थापण्याचें ठरलें. तो संघ पुढें दहा वर्षांतहि अस्तित्वांत आला नाहीं. प्रिश्तिनाला वाटतें कीं या संघांतून राज्यांत राज्य निर्माण होईल. बेलग्रेडला वाटतें कीं त्याखेरीज तेथील सर्बांना संरक्षण नाहीं. मित्रोव्हित्सा शहरांत ईबर नदीच्या उत्तरेस सर्ब व दक्षिणेस अल्बेनियन राहतात, आणि मधल्या पुलावर पहारा असतो तो परक्यांचा. २०२३ च्या सप्टेंबरांत बान्स्का या खेड्यांत सशस्त्र सर्बांची टोळी व कोसोव्होचे पोलीस यांच्यांत चकमक झडून एक पोलीस व तीन हल्लेखोर ठार झाले, तेव्हां हा विस्तव अजून विझला नसल्याचें जगाला कळलें.

या साऱ्या इतिहासावरून कांहीं गोष्टी निश्चितपणें सांगतां येतात. परक्यांनीं हें भांडण निर्माण केलें असें म्हणणें म्हणजे दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना फुकट निर्दोष ठरविणें होय. गांवें जाळणारे हात बहुधा शेजाऱ्यांचेच होते. परंतु कोणाचा हात वर राहील हें प्रत्येक वेळीं बाहेरच्यांनीं ठरविलें, आणि त्यामुळें शेजाऱ्याशीं तडजोड करण्याची गरजच कोणाला भासली नाहीं. १९१२ मध्यें सर्बांचा भरंवसा पीटर्सबर्गवर होता, १९४१ मध्यें कित्येक अल्बेनियनांचा रोमवर होता. आज प्रिश्तिनांत क्लिंटन यांचा पुतळा उभा आहे, आणि उत्तरेकडील सर्ब वस्तींत भिंतींवर पुतीन यांचीं चित्रें रंगविलेलीं दिसतात. ज्याचा पाठिराखा दूर आणि बलाढ्य, त्याला जवळच्या दुबळ्याशीं बोलणें कमीपणाचें वाटतें. आणि पाठिराखा आपल्या सोयीनें आला तसा सोयीनें निघून गेला कीं काल केलेल्या अरेरावीचा हिशेब चुकता करावा लागतो.

बाहेरच्यांनीं हस्तक्षेप कधींच करूं नये असा याचा अर्थ नव्हे. १९९९ मध्यें हाकलून दिलेल्या लोकांना असा उपदेश करणें निर्दयपणाचें ठरलें असतें. पण सैन्य पाठविण्याइतकीच चिकाटी पुढें दुर्बळ ठरलेल्या पक्षाच्या रक्षणांतहि दाखवावी लागते, आणि शांततेनें झगडणाऱ्यांची दाद बंदूक वाजण्यापूर्वी घ्यावी लागते. या दोन बाबतींत बड्या राष्ट्रांनीं वारंवार कुचराई केली. कोसोव्होंतील सर्ब आणि अल्बेनियन मुलें आज बहुतांशीं वेगळ्या शाळांत, वेगळ्या भाषांत, वेगवेगळा इतिहास शिकत आहेत. जुन्या युगोस्लाव्हियांत अनेकांना दोन्ही भाषा येत. ती पिढी आतां म्हातारी होत चालली आहे. पुढच्या पिढीला एकमेकांशीं बोलण्यास कोणत्या तरी तिसऱ्याच भाषेचा आधार घ्यावा लागेल कीं काय, याची चिंता वॉशिंग्टनपेक्षां किंवा मॉस्कोपेक्षां प्रिश्तिना आणि बेलग्रेड यांनीं वाहावयास हवी.